पंचायतीने दिलेला इशारा
(कोलकाता येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



नागपूर-गोंदियाच्या जुन्या रेल्वे कामगारांना कोलकाता परके नाही. २००३ पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेचा नागपूर विभाग इथल्या गार्डन रीचच्या मुख्यालयाखाली होता. वरचे हुकूम इथूनच सुटायचे. या शहरातून ३४ वर्षे चाललेल्या सरकारला मुदतीच्या मधेच मतदारांनी जे बजावले, त्याबद्दल आज बोलायचे आहे.

२००६ साली डाव्या आघाडीने २९४ पैकी २३५ जागा जिंकल्या. पाच वर्षांनी ६२ उरल्या. ही पडझड एका रात्रीत झालेली नाही. मे २००८ मध्ये पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण २४ परगणा या जिल्हा परिषदा तृणमूल काँग्रेसकडे गेल्या. २००९ मध्ये लोकसभेच्या ३५ जागांच्या १५ झाल्या. २०१० मध्ये कोलकाता महापालिकेच्या १४१ पैकी ९५ प्रभाग तृणमूलने घेतले.

कोणी म्हणतील, महागाईने हरवले. महागाई होतीच, २००८ च्या मध्यात घाऊक दरवाढ १२ टक्के ओलांडून गेली होती. पण मग दिल्लीचे काय? तीच महागाई, वर जागतिक मंदी, तरी २००९ मध्ये काँग्रेसच्या जागा १४५ वरून २०६ झाल्या. दिल्लीने रोजगार हमी देशभर नेली (आपल्या महाराष्ट्राचीच ती जुनी योजना), शेतकऱ्यांची कर्जे माफ केली, सहावा वेतन आयोग लागू केला. लोकांच्या पदरात काही पडले. गंमत अशी की रोजगार हमीच्या कायद्यासाठी दिल्लीत जोर डाव्यांनीच लावला होता!

इथे मात्र पदरातले काढून घेतले गेले. हावड्याहून तारकेश्वर लोकल पकडली की वाटेत सिंगूर लागते. तिथे मोटार कारखान्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन १८९४ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने घेतली. कारखाना नको, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. गिरण्या बंद पडल्यावर काय होते ते गिरणगावाने पाहिले आहे. प्रश्न होता किंमत कोणी मोजायची. जमीनमालकाला पैसे, नोंदलेल्या बर्गादाराला, म्हणजे आपल्याकडच्या बटईदाराला, त्यातला काही वाटा. बिननोंदीचा बटईदार आणि शेतमजूर कोरडाच. १९७८ पासून याच बर्गादारांची नावे नोंदवून ज्या सरकारने खेड्यात पाय रोवले, त्याच सरकारच्या हातून हे झाले. १४ मार्च २००७ रोजी नंदीग्रामला पोलीस कारवाईत १४ माणसे मेली. त्याच वर्षी बांकुडा, बीरभूममध्ये रेशन दुकानांवर लोक चालून गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना गुजरातेत गेला. जमीन गेली, नोकरीही आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन रद्द केले ते २०१६ साली.

पंचायतीच्या निकालानंतर सावरायला तीन वर्षे हातात होती. मग ऐकू का आले नाही? इथे आपल्याकडेही बोट वळते. युनियनचे काम वरचे परिपत्रक खाली वाचून दाखवण्यापुरते उरले, की खालचा राग वर पोचत नाही. सत्तेतला पक्ष आपला वाटला तर ही खोड अधिकच जडते. आम्हीही तिच्यातून सुटलेलो नाही. तेव्हा पुढच्या शाखा सभेच्या इतिवृत्तात पुढाऱ्यांच्या भाषणांआधी सभासदांच्या तक्रारी लिहाव्यात, आणि त्या काटछाट न करता वर पाठवाव्यात, अशी आमची सूचना आहे.