स्थानिक वार्ताहर आणि त्याची शंका
(वार्ताहरांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जिल्ह्याच्या वा कामगारवस्तीच्या बातम्या पाठविणे हे नवशिक्याचे काम आणि राजधानीतील घडामोडींचे विवेचन हे अनुभवी पत्रकाराचे, अशी समजूत भांडवली वृत्तपत्रांत रूढ आहे. आपल्याही काही शाखांत ती शिरली आहे. ती किती घातक ठरू शकते, हे भोपाळच्या उदाहरणावरून पाहावे.

युनियन कार्बाइडच्या भोपाळमधील कीटकनाशक कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले नाही. केसवानी भोपाळचेच, मृत कामगार त्यांच्या परिचयाचा. रसायनशास्त्राचे शिक्षण नसतानाही त्यांनी महिनोन्महिने चौकशी केली. फॉस्जीन हवेहून जड असतो आणि पहिल्या महायुद्धात तो अस्त्र म्हणून वापरला गेला होता, हे वाचून काढले. अमेरिकी तज्ज्ञांनी मे १९८२ मध्ये केलेल्या सुरक्षा-तपासणीचा अहवाल मिळविला. सप्टेंबर १९८२ पासून ‘रपट’ या आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकातून त्यांनी शहराला एकामागून एक इशारे दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याच्या कामगारमंत्र्यांनी विधानसभेत कारखाना सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. १६ जून १९८४ रोजी केसवानींनी ‘जनसत्ता’मधून पुन्हा लिहिले. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री काय घडले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

‘सगळेच खोटे बोलतात’ असे म्हणून मोकळे होणाऱ्याला शंकेखोर म्हणण्याचे कारण नाही; तो आळशी आहे. मंत्र्याची ग्वाही हाती आली की तपासणी कोणी केली, केव्हा केली, कोणते यंत्र चालू होते आणि कोणते बंद, असे विचारीत जाणे ही खरी शंका. मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. अशी गोष्ट पत्रकात छापून येत नाही. ती पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाबाहेर कळते, आणि तीही कामगार ज्याला वर्षानुवर्षे ओळखतात त्यालाच. अनुभवाचे मोल येथे आहे. (अनुभवालाही गंज चढतो, हे खरे, ठाण्यात रोज चहा घेणाऱ्या जुन्या वार्ताहराला फौजदाराचा शब्द हळूहळू पुरावा वाटू लागतो.)

दुर्घटनेनंतर कंपनीने एका असंतुष्ट कामगाराने घातपात केल्याची कथा पुढे केली. मृतांचा प्रारंभीचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे राज्य सरकारनेच ३,७८७ मान्य केला, आणि पीडितांच्या संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगत आल्या. जो वार्ताहर पहिल्या आकड्यापाशी थांबला, त्याने नकळत कंपनीचेच काम हलके केले.

हीच कसोटी आपल्या बातम्यांना अधिक कठोरपणे लावली पाहिजे. मोर्च्यात ‘हजारो’ होते, असे लिहून पाठविणाऱ्या साथीला संपादकाने मोजणी कोणी केली ते विचारावे. ज्या गावात मोर्चा निघाला, त्या गावातील वाचकाने तो डोळ्यांनी पाहिलेला असतो. तेथे आकडा फुगला की त्याच अंकातील बुडविलेल्या मजुरीची खरी बातमीही त्याला फुगविलेली वाटते, आणि ती मजुरी वसूल करण्याचा लढा दुबळा होतो.

केसवानींचे २०२१ मध्ये निधन झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्या कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा भोपाळहून पीथमपूरला नेण्यात आला आणि तेथील रहिवाशांचा विरोध असताना त्याच वर्षी जाळण्यात आला. जाळल्यावर उरलेली राख कोठे पुरणार, आणि कारखान्याभोवतीच्या मातीत व विहिरींत मुरलेल्या विषाचे काय, हे प्रश्न पीथमपूर आणि भोपाळ येथील वार्ताहरांनी आता विचारावयाचे आहेत.