खिंड ओलांडताना



सह्याद्रीतल्या घाटवाटा तुडवणाऱ्यांना वाट चुकण्याचे नवल नाही. पण आपल्याकडे वाट चुकली तरी पुष्कळदा एखादा धनगरवाडा लागतो, गुराखी भेटतो आणि "मामा, खालची वाट कोणती?" असे विचारता येते. जेथे विचारायला कोणीच नाही, अशा एका खिंडीची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात, आर्थर्स पासच्या डोंगराळ मुलखात, हार्मन, व्हाइटहॉर्न आणि ब्राउनिंग अशा तीन खिंडी ओलांडणारी एक वाट आहे. वाट म्हणायची इतकेच. बऱ्याच भागात पायवाट नाही, खुणेचे खांब नाहीत. क्वचित कोणी रचलेले चार दगड दिसतात. तिसऱ्या खिंडीचे माओरी नाव 'नोटी राउरेका'. राउरेका नावाची स्त्री पश्चिमेकडून ही खिंड ओलांडून आली आणि तिच्यामुळे पूर्वेकडील लोकांना मौल्यवान हिरव्या दगडाचा मार्ग कळला, अशी तेथील परंपरागत कथा आहे.

2018 च्या फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, आम्ही चौघे कॅरिंगटन हटमधून पहाटे निघालो आणि दहाच्या सुमारास हार्मन खिंडीत पोचलो. पोचतो तोच धुके उतरले. पुढची व्हाइटहॉर्न खिंड नैर्ऋत्येला आणि सुमारे 400 मीटर उंच. नकाशावर दिशा मोजली, होकायंत्र त्या अंशावर धरले आणि निघालो.

अर्ध्या तासाने आमच्यातला एकजण थांबला आणि म्हणाला, "आपल्याला चढायचे होते ना? मग आपण उतरतो कशाला?"

चूक साधी होती. पुण्यात होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत जवळजवळ फरक नाही. तेथे सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे 24 अंश वळलेली असते. नकाशावर मोजलेल्या दिशेतून तेवढे अंश वजा करायचे असतात. नाही केले, तर एक किलोमीटर चालताच माणूस सुमारे 400 मीटर बाजूला जातो. नकाशाच्या कडेला हा फरक छापलेला होता. आदल्या रात्री आम्ही तो मोठ्याने वाचलाही होता! पण हाताला सवय घरची होती. आम्ही उजवीकडे, टायपो नदीच्या खोऱ्यात उतरत होतो.

आता दिशा सुधारून पुढे जावे, असा मोह झाला. पण आपण नेमके कोठे उभे आहोत, हेच ठाऊक नव्हते. तेथून कितीही अचूक दिशा धरली तरी तिचा उपयोग काय? म्हणून आम्ही आमच्याच पावलांवरून परत चढलो. खिंडीजवळची लहान तळी दिसली, तेव्हा जिवात जीव आला. मग दुपारीच खाली उतरलो. रात्री पाऊस कोसळला आणि हटजवळची नदी दोन दिवस ओलांडण्याजोगी नव्हती.

बिनखुणेच्या मुलखात खुणा आपणच आधी ठरवाव्या लागतात: चढ किती वेळ हवा, पाणी कोणत्या अंगाला वाहायला हवे, किती वाजता माघारी फिरायचे. हे घरी, डोके थंड असताना लिहून ठेवावे. आणि खूण पटली नाही, तर डोंगराशी हुज्जत घालू नये.

व्हाइटहॉर्न खिंड आम्ही अद्याप पाहिलेली नाही.