फुकटचे डायमंड

ज्यांच्या घरात दहा-पंधरा वर्षांचं मूल आहे, त्यांच्या कानावर ‘डायमंड’ हा शब्द आलाच असेल. फ्री फायर मॅक्स या मोबाइल गेममधलं हे चलन. बीजीएमआय खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘यूसी’ असतं, रोब्लॉक्सवाल्यांच्या तोंडी ‘रोबक्स’. खरे पैसे भरून ते घ्यायचं आणि त्यातून आपल्या खेळाडूला कपडे घ्यायचे, बंदुकीला नवी स्किन घ्यायची. मोठ्यांना हे फालतू वाटतं. पण सगळ्या मित्रांकडे कपड्यांचं नवं बंडल आणि आपला गडी मात्र साध्या कपड्यांत, याचं त्या वयात खरोखर वाईट वाटतं. मग मूल मोबाइलवर शोधतं, ‘फ्री डायमंड’.

शोधल्यावर काय समोर येतं, ते नीट ऐका. एक झगमगीत पान उघडतं. त्यावर गेमचा लोगो. आधी फक्त तुमचा आयडी विचारतात, पासवर्ड नाही. म्हणून मुलाला वाटतं, यात धोका काय? मग किती डायमंड हवेत ते निवडायचं, 5,000 की 10,000. एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागते. खाली नावं झरझर येत राहतात, अमक्याला आत्ताच इतके मिळाले म्हणून. पट्टी शेवटाशी येऊन थांबते आणि सूचना येते, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.’ त्यासाठी एक सर्व्हे भरा, दोन ॲप डाउनलोड करा, मोबाइल नंबर टाका. ते केलं की आणखी एक सर्व्हे.

ती पट्टी, ती नावं, सगळं त्या पानावर आधीच लिहून ठेवलेलं असतं. गेमशी त्याचा काडीचा संबंध नसतो. भरलेल्या प्रत्येक सर्व्हेमागे आणि डाउनलोड केलेल्या प्रत्येक ॲपमागे त्या पानाच्या मालकाला जाहिरातवाल्यांकडून पैसे मिळतात. मूल तासभर राबतं, कमाई त्या मालकाची होते.

मुलांना इथे नुसती ताकीद देऊ नका, कारण सांगा. डायमंड आपल्या फोनमध्ये नसतातच. कुणाच्या खात्यावर किती आहेत, हा आकडा गेम कंपनीच्या सर्व्हरवर असतो. फोन तो फक्त दाखवतो. पासबुकात पेनाने एक शून्य वाढवलं म्हणून बँकेतली शिल्लक वाढत नाही, तसंच हे. त्यामुळे फुकट डायमंड तयार करून देणारा ‘जनरेटर’ असूच शकत नाही. रोबक्सचा जनरेटर नसतो, हे रोब्लॉक्स कंपनीनेच स्पष्ट सांगितलेलं आहे. एकदा हे कळलं की मूल स्वतःच असली पानं ओळखू लागतं, असा माझा विश्वास आहे.

फुकट बक्षीस देणारे रिडीम कोड मात्र खरे असतात. फ्री फायरचे कोड गरेना ही कंपनीच काढते. ते कंपनीच्याच संकेतस्थळावर टाकायचे असतात, आणि मुदत संपली की चालत नाहीत. पण तिथे फेसबुक किंवा गूगलने लॉगइन करावं लागतं, आणि फसवणारे नेमक्या त्याच पानाची हुबेहूब नक्कल करतात. त्या नकली पानावर पासवर्ड टाकला की आयडी गेला, आणि पुष्कळदा त्यासोबत फेसबुक खातंही. म्हणून व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून लॉगइन करूच नये.

अर्ध्या किमतीत टॉप-अप देणाऱ्यांपासूनही दूर राहा. काही जण पैसे घेऊन गायब होतात. काही जण चोरीच्या कार्डावरून डायमंड भरतात. ते उघड झालं की कंपनी डायमंड परत घेते आणि आयडी बंद होतो तो मुलाचा.

सगळ्यात जास्त काळजी मला प्ले स्टोअरबाहेरून घेतलेल्या एपीके फाइलची, म्हणजे ॲप बसवणाऱ्या फाइलची, वाटते. ‘अनलिमिटेड डायमंड’ म्हणून ती येते आणि मेसेज वाचायची परवानगी मागते. आपल्याकडे मूल खेळतं तो फोन बऱ्याचदा आईचा किंवा बाबांचा असतो. बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. परवानगी दिली की तो ओटीपी तिसऱ्याच माणसाला वाचता येतो. म्हणून अशी फाइल घेऊच नका. शिवाय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका. पैसे किंवा बक्षीस मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

आणि मुलगा घाबरत येऊन म्हणाला, ‘बाबा, पैसे गेले,’ तर त्या क्षणी हात उगारू नका. मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी काही सांगणार नाही, आणि इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. चोरलेले पैसे या खात्यातून त्या खात्यात पटापट फिरवले जातात. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा, केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेल्याचा मेसेज, व्यवहाराचा क्रमांक आणि त्या पानाचा किंवा चॅटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मुलाने भीतीपोटी ते चॅट डिलीट करण्याआधीच तो काढून घ्या.