संततिनियमन आणि घरातील पुरुष

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय काहींना संकोचाचा वाटेल. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि या कार्यापायी प्राध्यापकाच्या नोकरीवर पाणी सोडले. शंभर वर्षांनंतर आपण निदान बोलण्यास तरी कचरू नये.

खेड्यात साधने मिळत नाहीत असे आता फारसे राहिलेले नाही. आशाताई गोळ्या व निरोध घरी आणून देतात, सरकारी दवाखान्यात तांबी विनामूल्य बसवितात. अडते ते उंबरठ्याच्या आत. अंगाची हळद उतरते न उतरते तोच नव्या सुनेला बायका 'काही विशेष?' म्हणून विचारू लागतात. वर्ष उलटले की सासूबाई देवऋषी गाठतात. तिने थांबावे तरी कोणाच्या बळावर? पुढे मुलगा होईपर्यंत थांबू देत नाहीत, आणि झाला की ऑपरेशन, तेही तिचेच! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची शस्त्रक्रिया झालेल्या अवघ्या शेकडा ०.३.

पूर्वी असे नव्हते. आणीबाणीत, १९७६–७७ मध्ये, देशात सुमारे ८२ लक्ष शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत ६२ लक्ष पुरुषांच्या. परंतु त्यामागे सक्ती होती. शिक्षकांनाही 'केसेस' आणण्यास धाडीत. ती धास्ती मनातून गेलीच नाही.

मी ज्या गावी शिक्षक होतो तेथे एक बाई तीन बाळंतपणांनी खंगली होती. नवरा स्वतः ऑपरेशनास तयार झाला. त्याची आई म्हणाली, "मग नांगर कोण धरणार?" या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागत नाही, शक्ती वा पौरुष उणावत नाही, केवळ पुढे तीन महिने दुसरे साधन वापरून तपासणी करून घ्यावी लागते, हे मला ठाऊक होते. गुरुजींनी असल्या भानगडीत पडू नये म्हणून मी गप्प बसलो. ऑपरेशन बाईचेच झाले आणि महिना भरण्यापूर्वी ती खुरपणीस गेली.

माझ्या घरी तरी निराळे काय घडले? पत्नीचेच ऑपरेशन झाले. मला कोणी विचारले नाही आणि मीही विषय काढला नाही.

कार्यकारिणीस एक विनंती आहे. पुढील वधूवर मेळाव्यात डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, आणि त्यास मुलांबरोबर त्यांच्या मातापित्यांनाही आवर्जून बसवावे.