पहिल्या प्रयोगाचा निवाडा

संगीत नाटकाचा प्रयोग संपला, कीं नागपूरच्या रसिकांची दुसरी बैठक नाट्यगृहाच्या दाराशीं भरते. ‘आवाज लागला नाहीं’, ‘ठेका ढिला पडला’, ‘तबकडीवरची ती तान आलीच नाहीं’, असे निकाल तेथें चटकन् लागतात. दौऱ्याच्या आरंभींचा प्रयोग असला, म्हणजे निकाल अधिकच कडक!

परंतु हा निवाडा कोणत्या मापानें व्हावा? नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनीं लिहिलेलें ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकींचें. खाँसाहेबांची भूमिका नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्यापाशीं शिकलेल्या वसंतराव देशपांडे यांची. वसंतराव एकच पद प्रयोगागणिक नव्यानें उलगडीत. चाल तीच, विस्तार त्या रात्रीचा. अशा गायनांत पुढची जागा साथीदारांस आधीं ठाऊक नसते. ती कानानेंच टिपावी लागते. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारें ३ मिनिटांत संपे. तिच्यांत गाण्याची आकृति मावली. शोध मावला नाहीं.

म्हणून आरंभींच्या प्रयोगांतले दोष वेगवेगळे ओळखावे. सूर ढळला, पद पाठ नव्हतें, साथ बेसावध राहिली, तर तो तयारीचा दोष; त्याला क्षमा नाहीं. पण अनोळखी वाटेनें समेवर येतांना गायकास ठेच लागली, तर तें धाडसाचें मोल होय. दोहोंस एकच शिक्षा झाली, तर पुढच्या गांवीं गायक घोकलेलेंच गाईल. आणि त्यांत गायकापेक्षां श्रोत्याचीच हानि अधिक होईल.