चुकलेल्या उत्तरापाशी थांबा

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमच्यापैकी अनेकांना मिळणाऱ्या वर्गात भिंतीवर स्मार्ट टीव्ही असेल, फरशीवर संख्यारेषा रंगवलेली असेल. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धडा पडद्यावर हजर होईल. गावागावांनी लोकवर्गणी काढून उभं केलेलं हे वैभव मी पाहिलं आहे. त्याला नावं ठेवायला मी इथे आलेलो नाही. त्या वर्गात तुमचं काम कुठे सुरू होतं, तेवढंच सांगतो.

दुसरीच्या वर्गात ‘बेचाळीस लिहा’ म्हटलं की एखादं पोर २४ लिहितं. टॅबवरचं अ‍ॅप लाल फुली मारून पुढच्या प्रश्नाकडे वळतं. तुम्ही वळू नका. ‘कसं लिहिलंस रे?’ असं विचारा. ‘आधी बे ऐकू आलं म्हणून दोन, मग चाळीसचे चार,’ असं ते सांगेल. म्हणजे पोरानं डोकं चालवलेलं असतं! मग काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे बांधायला लावा, दोन सुट्या शेजारी ठेवा आणि दशकाच्या घरात काय जाईल, हे त्यालाच ठरवू द्या.

पण विचारलं की थांबावं लागतं, आणि तिथेच आपली घाई आडवी येते. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीच वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, मागे पडलेली मुलंही बोलू लागली. तीन सेकंदांना ना निधी लागतो, ना जीआर.

मुलांच्या अडचणीपाशी थांबणं आपल्याकडेही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते काम कोसबाडला गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, त्यांना शाळेत येणं जमेना. ताराबाईंनी त्यांच्या नावापुढे गैरहजेरी मांडत बसण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेला चार भिंती नव्हत्या, तरी मुलं शिकली. कारण त्यांची अडचण कुणी गुन्हा मानली नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं छडीला आणि मानसिक छळालाही मनाई केली. तरी चुकलेल्या उत्तरावर वर्ग फिदीफिदी हसतो, कधी गुरुजीही हसतात. हे कुठल्याच शाळातपासणीत नोंदलं जात नाही. ते बंद करणं तुमच्याच हाती आहे.

तेव्हा रुजू झालात की टीव्ही चालतो का, जरूर बघा. वीजबिल थकलं असेल तर ग्रामपंचायतीच्या मागे लागा. आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवून पाहा, या आठवड्यात कोण एकदाही बोललं नाही? ती नावं वहीत टिपा आणि सोमवारचा वर्ग त्यांच्यापासून सुरू करा.