शंभर रुपयांचे पौंड किती?



पत्रिकेवर विषय ‘युरोपातलं विद्यार्थिजीवन’ असा छापलाय, म्हणून पुढच्या रांगांत बरेच आईवडील दिसताहेत. कुणाची मुलगी आखेनला निघाली असेल, कुणाचा मुलगा मिलानला. बॅगेत काय भरायचं याची यादी हवी असेल तर ती अशी: लालबागचा मसाला, भाजणी, मेतकूट, पापड खुशाल न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणू देत नाहीत. यादी संपली. मला बोलायचंय हिशेबावर, आणि हिशेब आहे एका परळकराचा.

दामोदर हॉलजवळची बीआयटी चाळ आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. प्लेगच्या साथीनंतर 1898 साली जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या चाळींपैकी ही एक. तिथल्या पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांतून 1920 मध्ये एकोणतीस वर्षांचे प्राध्यापक भीमराव आंबेडकर पुन्हा लंडनला शिकायला गेले. पुन्हा म्हणजे, 1916 साली एकदा जाऊन शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून ते परतले होते. मग सिडनहॅम कॉलेजात महिना साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज एवढ्यावर ही दुसरी फेरी उभी राहिली.

लंडनमधला त्यांचा दिवस धनंजय कीरांनी चरित्रात लिहून ठेवलाय. सकाळी घरमालकिणीनं दिलेला चहा, जॅमचा जेमतेम हात फिरवलेला पाव, माशाचा एखादा तुकडा. मग ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय. पुढे ते किंग हेन्रीज रोडवर राहायला आले. तिथून हे वाचनालय चारेक किलोमीटर, म्हणजे परळहून भायखळा ओलांडावं एवढं. संध्याकाळी परतल्यावर कपभर बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पेय, आणि बिस्किटं. रात्री वाचता वाचता पोटात कावळे ओरडायला लागले, की ओळखीच्या एका माणसानं दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे.

हे पापड व्याख्यानांतून फार भाजले गेलेत. सांगणारा गहिवरतो, ऐकणारे डोळे पुसतात. मला त्या गहिवराची थोडी भीती वाटते. त्यात भूक दिसते, पण भुकेमागचा बेत दिसत नाही. बाबासाहेब उपास करायला लंडनला गेले नव्हते. ते वेळ विकत घेत होते, आणि कमी पैशांत जास्त वेळ कसा मिळेल याचा विचार अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी करणारच. म्युझियमच्या वाचनालयाला शुल्क नव्हतं, ओळखपत्र मिळालं की दिवसभर बसा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी., तिथेच डी.एस्सी.ची तयारी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. खोलीचं भाडं एकच, त्यात अभ्यास तीन. शिवाय 1921 साली जर्मनीत बॉनच्या विद्यापीठातही नाव घातलं होतं, तो अभ्यास मात्र पुरा झाला नाही.

बॅरिस्टरीतली एक गंमत सांगतो. तिथे नुसत्या परीक्षा देऊन भागत नसे. इनच्या भोजनगृहात ठरावीक जेवणं जेवावीच लागत, नाहीतर टर्म भरत नसे. एरवी पाव मोजून खाणाऱ्यानं वकील होण्यासाठी नियमानं जेवायचं!

इकडे परळला त्यांच्या पत्नी रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार रेटत होत्या. त्यांचा दिनक्रम कोणत्या चरित्रकारानं तासातासानं लिहिलाय? त्या भुकेचे पत्ते दोन होते, एक लंडनचा आणि एक परळच्या पोयबावडीचा. आपण एकाच पत्त्यावर थांबतो.

आता मुख्य आकडा. फेब्रुवारी 1920 मध्ये एका रुपयाला दोन शिलिंग दहा पेन्सच्या आसपास भाव मिळत होता. सरकारनं दर दोन शिलिंगांवर बांधायचा खटाटोप केला, तो फसला, आणि 1921 च्या सुरुवातीला रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. शंभर रुपयांचे चौदा पौंड येत होते, ते वर्षभरात साडेसहावर आले. मुंबईत रुपया तोच, पगार तोच. पण इथून पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्याचं ताट अर्धं झालं, त्याच्याकडून काहीही चूक न होता.

आजच्या पालकांना हे वेगळं समजावायला नको. जर्मनीच्या व्हिसासाठी बहुतेकांना वर्षाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवावे लागतात, तिथे गेल्यावर महिन्याला 992 सुटतात. युरो एका रुपयानं महागला की घरचा बोजा जवळपास बारा हजारांनी वाढतो. दादरच्या घरात आई सकाळी हवामान नव्हे, युरोचा भाव बघते.

बाबासाहेबांचं वेगळेपण असं, की ज्या घसरणीच्या काळात ते लंडनमध्ये दिवस काढत होते, तिच्या मुळाशी असलेलं चलनच त्यांनी प्रबंधाला घेतलं. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ त्यांनी 1922 च्या ऑक्टोबरात सादर केला. ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना सोसेना, त्यांनी फेरमांडणी करायला सांगितलं. तोवर पैसे संपले होते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले, इथूनच प्रबंध पुन्हा पाठवला आणि नोव्हेंबरात पदवी मिळाली. पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. तिच्यात शिष्याशी असलेले मतभेद त्यांनी उघड मांडलेत. अशी प्रस्तावना छापायला लेखकाचंही मन मोठं लागतं.

चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी डिसेंबर 1925 मध्ये साक्ष दिली. मुंबईचे गिरणीमालक तेव्हा एक शिलिंग चार पेन्सचा स्वस्त रुपया मागत होते. रुपया स्वस्त झाला की भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते, म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या खिशातून जातो, असं त्यांचं त्या काळातलं म्हणणं होतं. तेव्हा ते परळमध्येच राहत होते आणि शेजारी गिरणीचे भोंगे वाजत होते.